सलग सात शुक्रवार

ग्रेनडा हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते जायफळाच्या पोत्यावर. दुबईत देरा भागात, खाडीच्या जवळ, मसाल्यांची आयात-निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करत होते. माल कुठून आला, कुठल्या जहाजाने आला, पुढे इराणला चालला की सुदानला, याची कागदपत्रं तयार करायची हे माझं काम. वेलदोडा ग्वाटेमालाचा, मिरी व्हिएतनामची, लवंग झांझिबारची. ही नावं मी दिवसभर टाइप करायचे आणि त्यातल्या एकाही ठिकाणाबद्दल मला काही वाटायचं नाही. ग्वाटेमाला म्हणजे वेलदोड्याचा पत्ता, बस.

ग्रेनडाचं मात्र तसं राहिलं नाही. तिथून माल पाठवणाऱ्यांनी एका डिसेंबरात कॅलेंडर पाठवलं. त्यात वर्षभर एकच चित्र होतं. समुद्राला खेटून जाणारा अरुंद रस्ता, एका बाजूला माड, केळी, मागे हिरवा डोंगर, आणि लाल पत्र्याच्या एका घरासमोर दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई. मी बघितलं आणि मनात म्हटलं, हे तर आमचं रत्नागिरीकडचं सासर. लगेच दुसरा विचार आला की इथे आपल्याला ओळखणारं कोणीही नाही. पहिल्या विचारापेक्षा दुसऱ्याने मला जास्त बरं वाटलं. कॅलेंडर मी माझ्या टेबलासमोर टांगलं.

आमचं घर शारजात होतं, अल नहदाला, दुबईच्या अगदी हद्दीवर. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी. पण तिघं असं नुसतं म्हणायचं. नवऱ्याची नोकरी अबुधाबीत, तेलाच्या कामांची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत. आठवडाभर तो तिथे कंपनीच्या जागेत राहायचा आणि बुधवारी संध्याकाळी घरी यायचा. त्याला गुरुवार-शुक्रवार सुट्टी. मुलीच्या शाळेलाही तेच. माझ्या ऑफिसला मात्र फक्त शुक्रवार. गुरुवारी मी कामावरून येईपर्यंत हे दोघं जेवून झोपलेले असायचे, किंवा मुलगी क्लासला गेलेली असायची. म्हणजे तिघं एका वेळी जागी, एका घरात, असा दिवस आठवड्याला एकच. शनिवारी पहाटे नवरा पुन्हा अबुधाबीच्या रस्त्याला लागायचा.

त्या शुक्रवारावर मी जपून हात ठेवून असायचे. कोणी जेवायला बोलावलं तर मी सरळ नाही म्हणायचे. मराठी मंडळाच्या बायका मला शिष्ट समजायच्या. समजू देत. सकाळी पोहे किंवा घावन, दुपारची नमाज सुटून दुकानं उघडेपर्यंत घरातच लोळायचं, संध्याकाळी समुद्रावर किंवा भाजीबाजारात. त्यात विशेष काही नव्हतं. पण मुलगी आणि बाप टीव्हीच्या रिमोटवरून भांडताहेत आणि मी स्वयंपाकघरातून दोघांनाही ओरडते आहे, एवढं ऐकू आलं की माझा आठवडा भरून यायचा.

आणि वर्षाची मोठी रजा? ती आमची नव्हतीच. आखातातल्या नोकरीत कंपनी वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट देते. ‘घर’ म्हणजे कागदावर लिहिलेलं मूळ गाव. आमचं मुंबई लिहिलेलं. त्यामुळे दर जुलैत मुंबई, तिथून रत्नागिरी, मग पुण्याला माझं माहेर, आणि परत. नवरा गेल्या गेल्या भावांबरोबर जमिनीच्या, छपराच्या, पंपाच्या कामाला लागायचा. मी सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात. मुलगी चुलत भावंडांत. रात्री झोपायलासुद्धा तिघं तीन खोल्यांत. महिनाभर एकत्र सुट्टी काढून आम्ही शारजापेक्षा लांब लांब असायचो. मी तक्रार करत नाहीये. सगळेच असे जात होते. रजेवर निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी ‘कुठे चाललात?’ विचारायचं नाही. ‘कधी चाललात?’ एवढंच विचारायचे.

मुलगी बारावीला गेली त्या वर्षी हे सगळं एकदम माझ्या डोक्यात चढलं. आमच्याकडच्या मुलांचं ठरलेलं असायचं. बारावीपर्यंत इथे, पुढे भारतात हॉस्टेल. ती इंजिनिअरिंगला पुण्याला जाणार होती. म्हणजे तिघांचे शुक्रवार संपत आले होते. मला वाटलं, त्याआधी एकदा, फक्त एकदा, सलग सात शुक्रवार मिळावेत. एक अख्खा आठवडा. तिघं. कुणाचं लग्न नाही, मुंज नाही, छपराची गळती नाही.

एका शुक्रवारी घावन तव्यावर असताना मी बोलून टाकलं, “यंदा रजेत आधी एक आठवडा ग्रेनडाला जाऊ.”

“कुठे?” नवरा म्हणाला.

“ग्रेनडा. वेस्ट इंडिजमधलं बेट आहे.”

“क्रिकेट बघायला?”

“नाही. नुसतं फिरायला. बेटाभोवती.”

“काय आहे तिथे?”

“समुद्र आहे. माड आहेत, केळी आहेत, जायफळ तर इतकं की त्यांच्या झेंड्यावर जायफळ आहे.”

तो हसायलाच लागला. “अगं, समुद्र, माड, केळी, जायफळ! आमच्या आगरात दुसरं काय आहे? एवढे पैसे घालून अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जायफळं बघायची?”

“तुमच्या आगरात तुमचे काका पण आहेत,” मी म्हटलं.

“बरं.”

“आणि काकू आहेत. आणि काकूंच्या गुडघ्यांना लावायचं मलम इथूनच न्यावं लागतं.”

“बरं, बरं. घावन जळतंय.”

मुलीने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, “इज देअर इंटरनेट?”

“नसेल तर उत्तम,” मी म्हटलं.

नवरा हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. आमच्याकडे याचा अर्थ हो असाच धरायचा. त्याच्याकडून कंपनीत विचारून झालं. तिकीट मुंबईचंच मिळणार, वरचं आपलं आपण बघायचं. रजा जूनच्या शेवटापासून मंजूर झाली. आधी एक आठवडा बेटावर, मग परत येऊन नेहमीसारखी मुंबई. सासूबाईंना फोनवर एवढंच सांगितलं की यंदा जरा उशिरा येतो. खरं सांगितलं असतं तर “तिकडे कोण आहे आपलं?” हा प्रश्न आला असता, आणि “कोणी नाही म्हणूनच जातोय” हे उत्तर सासूला देता येत नाही.

तिकिटांसाठी मी ऑफिसजवळच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेले. हा केरळचा माणूस, आमची मुंबईची तिकिटं वर्षानुवर्षं हाच काढायचा. मला बघितल्याबरोबर त्याने जुलैच्या मुंबईच्या तारखा काढायला घेतल्या. मी ग्रेनडा म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

“मॅडम, उधर आपका रिश्तेदार है?”

“नहीं.”

“साबका जॉब लगा?”

“नहीं. घूमने जाना है.”

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. “इतना साल में मुंबई छोड के दूसरा जगह मांगने वाला आप पहला आदमी है.” मग कामाला लागला. त्याने दोन दिवसांनी शोधून सांगितलं की लंडनवरून जावं लागेल, आणि तिथे एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानतळावर जायचं आहे. “ग्रेनडा को व्हिसा नहीं मंगता. लंडन को मंगता.” जिथे जायचं तिथे कोणी अडवत नव्हतं, नुसतं वाटेत पाय ठेवण्यासाठी तिघांचे पगाराचे दाखले, बँकेचे कागद, फोटो. मी ते सगळं एका आठवड्यात जमवलं. कागद जमवणं हाच माझा धंदा होता. भाड्याचा आकडा त्याने दिरहममध्ये सांगितला, मी तोंडानेच त्याचे रुपये केले आणि लगेच तोंड मिटलं. काही आकडे मराठीत ऐकू नयेत.

बेत आखायला लागले तेव्हा मला कळलं की मला हे किती आवडतं आहे. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी बेटाचा नकाशा उघडून बसायचे. छोटं बेट. आमच्या शारजाहून डोंगर ओलांडून खोरफक्कानला जातो त्याच्या निम्मंसुद्धा अंतर नाही त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मनाशी हिशेब केला, पाऊण तासात बेट पार. नवऱ्याने नकाशा बघून माझी चूक काढली. “हे रस्ते आपल्यासारखे सरळ आहेत का? ही बघ वळणं. हा आंबा घाट समज, किनाऱ्यावर ठेवलेला.” मग मी सगळं सैल केलं. बेटाला उजवी घालत जायचं. राजधानीतून निघून पश्चिमेच्या किनाऱ्याने कोळ्यांच्या गावाला, तिथे जायफळ निवडायची मोठी वखार होती. तिथून उत्तरेचं टोक, मग पूर्वेकडच्या खवळलेल्या समुद्राच्या बाजूने खाली. मधे डोंगरात, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात एक तळं. तिथून परत राजधानी. रोज थोडं जायचं, रोज वेगळ्या ठिकाणी झोपायचं, गाडी भाड्याने न घेता तिथल्या लहान बसने. गाडी घेतली तर नवरा चालवणार, मुलगी मागे कानात वायरी घालून बसणार आणि मी नकाशा धरणार. ते शारजातच होत होतं. बसमध्ये तिघांना एका बाकावर बसावं लागतं.

मुलगी इंटरनेटचं काम करायची. टेलिफोनची वायर काढून संगणकाला लावायची, मग तो किंचाळणारा आवाज, मग एक फोटो वरून खाली हळूहळू उलगडायचा. तिला मी काय काय शोधायला लावलं! बसचं भाडं, पिण्याचं पाणी, शाकाहारी काय मिळतं, वादळं कधी येतात. ती करायची सगळं, कुरकुर न करता. माझा बेत वाचून एकदा म्हणाली, “आई, धिस इज नॉट अ हॉलिडे. धिस इज अ टाइमटेबल.”

“टाइमटेबल असलं की हॉलिडे होतो. नसलं की तुझे बाबा होतात, सोफ्यावर.”

“मी ऐकतोय,” सोफ्यावरून आवाज आला.

उत्तरेच्या टोकाला एका बाईचं लहानसं गेस्ट हाउस मुलीला सापडलं होतं. तिला ईमेलने आम्ही पूर्ण आठवड्याचा बेत पाठवला आणि विचारलं की जमेल ना असं. शनिवारी पोचायचं आणि विश्रांती. रविवारी सकाळी लवकर राजधानीतल्या बाजारात फळं घ्यायची आणि बसने कोळ्यांच्या गावाला, जायफळाची वखार बघायची. सोमवार ते गुरुवार पुढचा प्रवास. शुक्रवारी काही ठेवायचं नाही, कारण शुक्रवारी सगळं बंद असणार. सकाळी तर दुकानं उघडणारच नाहीत, म्हणून गुरुवारीच ब्रेड, अंडी, दूध घेऊन ठेवायचं.

चार दिवसांनी त्या बाईचं उत्तर आलं. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तिचा आवाज हसण्यात बुडाला. बाईने लिहिलं होतं, माझ्या बायांनो, तुम्ही येताय याचा आनंद आहे, पण तुम्हाला कोणी सांगितलं की इथे शुक्रवारी बंद असतं? शुक्रवारी तर सगळं चालू. बाजार भरतो तो शनिवारी. आणि रविवारी इथे काहीही हलत नाही. बस नाही, बाजार नाही, वखार नाही. रविवारी फक्त चर्चला जायचं आणि जेवायचं. तुम्ही माझ्याकडे रविवारी आलात तर जेवायला बसवीन.

मग नवरा म्हणाला, “रविवार!”

मी कपाळावर हात मारला. जगात रविवारची सुट्टी असते हे मी विसरून गेले होते. मी, पुण्यात वाढलेली, जिचं अख्खं लहानपण रविवारची वाट बघण्यात गेलं. इतक्या वर्षांत रविवार माझ्यासाठी आठवड्याचा दुसरा कामाचा दिवस झाला होता, ऑफिसात सगळ्यात जास्त फोन येणारा. आणि मुलीला तर माहीतच नव्हता, जुलैच्या रजेत तिला सगळेच वार सारखे. तिने विचारलं, “सो पीपल रिअली डू नथिंग? ऑन अ संडे?” शारजात जन्माला आलेल्या पोरीला रविवार हे पुस्तकातलं काहीतरी वाटत होतं.

“ताबडतोब बदला,” मी म्हटलं. “बाजार शनिवारी.”

“शनिवारी आपण पोचतोय, दोन विमानं बदलून. बाजारात झोपशील,” नवरा म्हणाला.

“मग शुक्रवारी पोचू.”

“शुक्रवारी पोचायला गुरुवारी निघायला लागेल. गुरुवारी तुझं ऑफिस, रजा शनिवारपासून.”

“खलास. मग बाजार नको. रविवारी त्या बाईकडे जेवायला जाऊ. टॅक्सीने.”

अशा तऱ्हेने सगळा आठवडा उलटा फिरवला. आधी उत्तर टोक, मग पूर्व, मग तळं, शेवटी वखार आणि शुक्रवारी सकाळी वखारीत जायफळं. शुक्रवारी सकाळी लोक काम करताहेत आणि आपण बघतोय, याची मला गंमत वाटली. त्या बाईने परत लिहिलं की रविवारी जेवायला तिघांच्या तीन खुर्च्या तिने लावून ठेवल्या असं समजा, आणि मासे खाता की नाही. मुलीने कळवलं, बाबा खातात, मी खाते, आई खात नाही पण सगळ्यांच्या ताटात काय आहे ते बघते.

लंडनचे व्हिसा आले. तिकिटं घ्यायची शेवटची तारीख एजंटने दिली. त्या आठवड्यात मी ऑफिसात कितीतरी वेळा कॅलेंडरकडे बघितलं असेल. आता त्या कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या जागी मला उत्तर टोकाची ती बाई दिसायची. तिच्या घरासमोर आम्ही तिघं एका लांब टेबलाशी बसलोय, कोणाला कुठे जायचं नाही, फोन वाजत नाही. ते टेबल मी इतक्यांदा बघितलं की त्यावर मेणकापड कुठल्या रंगाचं आहे तेही मला माहीत झालं होतं. मी असली बाई नाही. पण त्या दिवसांत होते.

मग पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. कॉलेजच्या प्रवेशाची चौकशी त्याच्याकडे दिली होती.

“ताई, लागलं! ज्या कॉलेजात हवं होतं तिथेच. परदेशातल्या मुलांच्या कोट्यातून.”

“छान. कधी यायचं?”

त्याने तारीख सांगितली. मी म्हटलं, “ती तर आम्ही बाहेर असण्याच्या आठवड्यातली.”

“बाहेर म्हणजे? बाहेरच तर आहात तुम्ही.”

“ग्रेनडाला.”

“कुठे?”

“ते जाऊ दे. दुसरी तारीख?”

“दुसरी नाही. मूळ कागद घेऊन, मुलीने आणि आईवडिलांनी स्वतः यायचं. त्या दिवशी नाही आलात तर जागा यादीतल्या पुढच्याला. मी विचारलं दोनदा. आणि ताई, हॉस्टेलचं पण त्याच आठवड्यात. उशीर केला तर बाहेर खोली शोधावी लागेल.”

मी फोन ठेवला. गुरुवार होता. मी नुकतीच ऑफिसातून आले होते आणि नवरा जागा होता. त्याला सांगितलं. त्याने सगळे मार्ग काढून बघितले. ट्रिप पुढे ढकलू, पण त्याची रजा पुढे जात नव्हती. मी एकटा पुण्याला जातो आणि तुम्ही दोघी बेटावर जा, पण मुलगी तर हवीच होती. “दुसऱ्या कॉलेजातही मिळेल तिला, जरा खालच्या,” तो शेवटी म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. माझ्यासाठीच बोलला होता. त्याने मला त्या नकाशासमोर बसलेलं बघितलं होतं.

मी एक क्षण विचार केला. खोटं कशाला बोलू, केला.

तेवढ्यात मुलगी क्लासमधून आली. मी तिला एवढंच सांगितलं, “तुझं कॉलेज लागलं.”

तिने दप्तर जमिनीवर टाकलं आणि ओरडली. नाचली म्हणा. बापाच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली, मैत्रिणीला फोन लावला आणि भराभर बोलत सुटली. हॉस्टेल, स्कूटी, रूममेट, रात्री दहापर्यंत बाहेर राहता येतं, कुठेही चालत जाता येतं. “नो मोअर आस्किंग बाबा फॉर अ लिफ्ट!” असं म्हणाली. मी उभी राहून ऐकत होते. एवढे महिने तिने माझ्यासाठी बसचं भाडं शोधलं, वादळं शोधली, गेस्ट हाउस शोधलं. पण असा आवाज तिने ग्रेनडासाठी एकदाही काढला नव्हता. ते सगळं तिने आईसाठी केलं होतं, जसा एखादा माझ्या आवडीचा कार्यक्रम ती माझ्याबरोबर बसून बघायची. तिला लांब जायची ओढ होतीच. फक्त तिचं लांब म्हणजे पुणं होतं. मी ज्या गावाहून आले तेच.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “कधी जायचं?”

मी तारीख सांगितली. ती थबकली. हुशार पोर. “दॅट्स आयलंड वीक.”

“आयलंड कुठे जात नाही,” मी म्हटलं. “चल, हातपाय धू, जेवायला बस.”

“आर यू शुअर, आई?”

“यल्ला, चल जेवायला.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवार असूनही, मी एजंटला घरी फोन केला. “भाईसाब, वो ग्रेनडा कॅन्सल. मुंबई बनाओ. तीन. दो का रिटर्न.” त्याने आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, “ठीक है मॅडम. मुंबई तो हमेशा है.” उत्तर टोकाच्या बाईला मुलीने ईमेल लिहिला. तिचं उत्तर आलं, खुर्च्या काढून घेते, पण टेबल तिथेच असतं.

पुण्यातला तो आठवडा मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. भावाच्या घरी पाहुणे. रत्नागिरीहून सासूबाई आणि धाकटे दीर नातीला भेटायला आलेले. कॉलेजच्या रांगा, झेरॉक्स, बँकेतली रांग. रोज सकाळी वाटायचं, आज तिघं कुठेतरी जाऊन निवांत बसू, आणि रोज कोणीतरी बरोबर यायचं. शेवटच्या दिवशी गादी घ्यायची राहिली होती. दुकानातून गादीची वळकटी घेऊन आम्ही रिक्षात बसलो. मधे मुलगी, दोन बाजूंना आम्ही, आणि गादी तिघांच्या मांड्यांवर आडवी. एवढी जाड की मला नवरा दिसत नव्हता आणि त्याला मी. मुलीचं फक्त कपाळ दिसत होतं. पुलावर रिक्षा अडकली. पुढे काहीतरी बंद पडलं होतं. रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरला आणि बघायला गेला.

“बराच वेळ लागणार,” गादीपलीकडून नवरा म्हणाला.

“लागू दे,” मी म्हटलं.

“आई, आय कान्ट ब्रीद.”

“नाकाने घे.”

तिने डोकं माझ्या खांद्याला टेकलं, कारण दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती. मागे हॉर्न वाजत होते. मी मनात म्हणत होते, अजून थोडं अडकून राहू दे. मग रस्ता मोकळा झाला, आणि पाच मिनिटांत हॉस्टेलचं फाटक आलं. फाटकाच्या आत बाबांना परवानगी नव्हती. मी आत गेले, गादी घातली, चादर घातली, कपाटाला कुलूप लावून बघितलं. खोलीतली दुसरी मुलगी आली तशी माझी मुलगी मला दाराकडे ढकलायला लागली. मी निघाले.

परत शारजाला आलो तेव्हा लोक मला म्हणायचे, आता तुम्ही दोघंच, मोकळे, फिरा. ग्रेनडालाही जा. नवराही एकदा म्हणाला, जाऊ या का दोघं? मी नको म्हटलं. मला बेट नको होतं असं नाही. दोघांना बाक मोठा होतो.

मुलगी बापाच्या व्हिसावर होती. त्या व्हिसाचा एक नियम आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर तो रद्द होतो. म्हणून बाहेर शिकणारी आमच्याकडची सगळी मुलं सहा महिन्यांच्या आत एक फेरी मारून जायची, परीक्षा असो की ताप असो. पालक वैतागायचे. नुसत्या शिक्क्यासाठी तिकीट काढायचं. डिसेंबर जवळ आला तसा नवरा म्हणाला, “तिचा व्हिसा रद्दच करून टाकू का? हवं तेव्हा व्हिजिटवर येईल. उगाच तिला दर वेळी धावपळ.”

“नको,” मी म्हटलं.

“अगं, तिच्या सोयीने येऊ दे की.”

“तिच्या सोयीने ती येणार नाही. यायलाच लागतं, असं काहीतरी असू दे.”

तिकीट त्यानेच काढलं.

डिसेंबरात ती आली. केस कापलेले, मराठी सुधारलेलं, खांद्यावर एकच पिशवी. फक्त काही दिवसांसाठी आली होती, परत गेल्यावर लगेच परीक्षा होती. येणारा शुक्रवार धरून एकच शुक्रवार मिळत होता. गाडीत बसल्याबरोबर मी मागे हात केला. “पासपोर्ट दे.”

“कशाला?”

“दे तर.”

मी गाडीतला दिवा लावून पान उघडलं. शिक्का जरा तिरका होता, पण तारीख स्वच्छ उमटली होती. पुढचे सहा महिने जूनपर्यंत जात होते.

“काय बघतेस एवढं?” तिने विचारलं.

“शिक्का नीट बसलाय का,” मी म्हटलं आणि पासपोर्ट तिच्या हातात परत दिला. “पट्टा लाव. बाबा, चला.”